पाटी बदलेपर्यंत

"फोर व्हील ड्राइव्ह घ्यायचं म्हणतेय," असा विषय मी रात्री जेवताना काढला, तेव्हा मामंजी भाकरी मोडता मोडता थांबले. "म्हणजे आत्ताच्या गाडीला किती चाकं हायत?"

आमच्याकडे कुठलीही कार म्हणजे 'फोर व्हीलर'. त्यामुळं पुढचा अर्धा तास इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चार चाकांना, हे मी वाटी-चमच्यानं समजावत बसले. शेवटी ते म्हणाले, "मागून बी ढकलती म्हण की." इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. आता कुणी विचारलं की मी हेच सांगते.

ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरची. गाडीला केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, पाटी लागली २०२४ च्या जुलैत. मधल्या नऊ महिन्यांत गाडी शोधायला जितका वेळ गेला त्याहून जास्त ती राज्याच्या हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातून, अलीकडे कर्नाटकात आणायला गेला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच जणांना पलीकडची जुनी गाडी स्वस्त दिसते आणि पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. घर बेळगावातल्या वडगावात, मागांच्या खडखडाटात. एका बाजूचं अंतर अडतीस किलोमीटर. त्यातला पस्तीसचा रस्ता डांबरी, शेवटचे तीन तांबड्या मातीचे. त्या तिनात एक ओढा, त्यावर बुटकी मोरी, आणि मोरी ओलांडली की लगेच चढ. उन्हाळ्यात स्कूटरही जाते. जून लागला की फाट्यावर गाडी लावायची, छत्री घ्यायची आणि चालायचं. शाळेत पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पायाच्या जळवा काढणं. मुलं मीठ तयार ठेवायची.

जुलै २०२३ मध्ये एका सकाळी माझ्याकडे मुलांच्या अंड्यांचे तीन ट्रे होते. नव्वद अंडी डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चिखलातून कशी जाणार? पाऊस जरा थांबलाय असं बघून आमची छोटी हॅचबॅक तशीच आत घातली. मोरी पार झाली. चढाच्या मध्यावर पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली, गाडी हळूच मागं सरकत डाव्या चरात जाऊन बसली. नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बायका शेतातून बघत होत्या. त्यातल्या चौघी चिखलाच्या हातांनीच आल्या आणि ढकलू लागल्या, पण गाडी हलेना. ट्रॅक्टरवाल्यानं सहाशे रुपये घेतले. अकरा अंडी फुटली. चूक माझीच होती, त्या गाडीचं ते कामच नव्हे. पण त्या दिवशी ठरलं.

मग बजेट. हातात जुनी गाडी विकून आणि भिशी उचलून पाच-साडेपाच लाख. त्यात नवी फोर बाय फोर, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, येत नाही. जिमनी २०२३ च्या जूनमध्ये आली तीच मुळी १२ लाख ७४ हजारांपासून, शोरूमची किंमत. शिवाय ती चौघांची, आणि आमच्या घरी माणसं पाच. थारमध्ये मामंजींना मागं चढवायचं म्हणजे स्टूल लागेल. जुन्या जिप्स्या बघितल्या. पुरुष मंडळी त्यांच्याभोवती फिरून खुश होतात, पण रोज शहात्तर किलोमीटर जाऊन-येऊन वर्गात उभं राहायचं असेल तर पाठीचा विचार करावा लागतो.

राहता राहिली रेनोची जुनी डस्टर. भारतात डस्टर २०१२ ला आली, तिचं चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल २०१४ ला. डिझेल, १४६१ सीसी, ११० पीएस, सहा गिअर. २०२२ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं, म्हणून जुन्या बाजारात भाव उतरलेले. सुट्ट्या भागांची धास्ती सगळ्यांनी घातली. आमच्या मेस्त्रींनी मात्र सांगितलं, "बाई, इंजिनाचं काय बी मिळतंय. हेच इंजिन महिंद्राच्या व्हेरिटोत बी होतं की." मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, ती ताकद जोडणारं-सोडणारं कपलिंग वगैरे एवढंच काय ते वेगळं, आणि त्याला जपायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. ते पुढं येईल.

कर्नाटकातली चारचाकी-ड्राइव्हची डस्टर चार महिने मिळाली नाही. दोन चाकांच्या ढिगानं होत्या. एक तर 'ऑल व्हील आहे' म्हणून दाखवली आणि खाली वाकून बघितलं तर मागं दांडाच नाही. तेव्हा बघायला जाल तर चटई घेऊन जा. गाडीखाली आडवं पडून पुढून मागं जाणारा दांडा आणि मागच्या चाकांमधला गोळा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आत गिअरजवळ टू-डब्ल्यू-डी (दोनच चाकांना ताकद), ऑटो (गरज पडेल तशी चारही चाकांना) आणि लॉक (सक्तीनं चारही चाकांना) असं लिहिलेली गोल खुंटी हवी. आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, मॉडेलचं नावही वाचा.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या निवृत्त गृहस्थांची गाडी बघायला मी, नवरा आणि मेस्त्री गेलो. २०१५ ची, एकाच मालकाची, सत्त्याऐंशी हजार किलोमीटर झालेली. काकांनी प्रत्येक डिझेल भरल्याची नोंद वहीत ठेवलेली. फेब्रुवारीत चिखल कुठला मिळणार, म्हणून मेस्त्रींनी शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गाडीची पुढची चाकं घातली. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. खुंटी टू-डब्ल्यू-डीवर ठेवून रेस केल्यावर पुढची चाकं वाळू उडवत रुतत गेली. मग लॉक. गाडी काही घडलंच नाही अशी, म्हैस पाण्यातून उठते तशी सावकाश बाहेर आली. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं ओळखलं की आता घासाघीस नीट जमायची नाही.

तरी चार साठ सांगितले होते ते चार पंधरावर आले. दहा हजार विसार दिला आणि साध्या कागदावर तीन गोष्टी लिहून दोघांनी सह्या केल्या. एक, एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, हातात येईपर्यंत पन्नास हजार माझ्याकडं राहतील. दोन, जुने दंड असतील ते काका भरतील. तीन, महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातला काही भाग परत मिळाला तर तो माझा. तिसरी अट मला एका सहकाऱ्यानं सुचवली होती. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची गेली की उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात कराचा काही भाग परत मागता येतो; पण पैसे जातात ज्याच्या नावावर गाडी होती त्याच्याकडं. व्यवहार झाल्यावर हा विषय काढला तर तोंडं वाकडी होतात. आधीच काढावा.

आता कागद.

गाडी राज्याबाहेर विकली की नुसतं नाव बदलून भागत नाही. आधी मूळ कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र, त्याचा अर्ज फॉर्म २८. विक्रीची खबर फॉर्म २९, मालकी बदलाचा अर्ज फॉर्म ३०. मग इकडं नवा नंबर मागायचा तो फॉर्म २७. आणि गाडीवर कर्ज असेल, किंवा कधीकाळी होतं, तर फॉर्म ३५.

आमचं पहिलं घोडं इथंच अडलं. काकांचं कर्ज २०२० लाच फिटलेलं. पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. बँकेनं तेव्हा दिलेलं पत्र काकांनी जपून ठेवलं होतं, पण त्याची मुदत तीन महिन्यांची, आणि त्याला उलटून गेली होती चार वर्षं. नवं पत्र यायला तीन आठवडे. चूक कुणाचीच नाही म्हटलं तरी चालेल. हप्ते संपल्याच्या आनंदात आरटीओ कुणाला आठवतो? तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी आरसीवर बँकेचं नाव आहे का ते बघा. विकणारा "लोन क्लिअर आहे" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण आरसी वेगळं बोलत असते.

ऑनलाइन बघितल्यावर दोन ई-चलनं निघाली, पंधराशेची. काकांनी मुकाट्यानं भरली. "दंड सिग्नलचा आहे, पण तेव्हा गाडी माझ्या जावयाकडं होती," एवढंच म्हणाले.

१४ मार्चला एनओसीचा अर्ज गेला. त्यासाठी चासी नंबरचा ठसा लागतो. हा प्रकार मला फार आवडला. मेस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्यानं ग्रीस पुसलं, पत्र्यात कोरलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवला, वरून चिकटपट्टी आणि मग शिसपेन आडवी धरून हलक्या हातानं घासत गेले. एकेक अक्षर पांढऱ्यावर उमटत आलं. आम्ही लहानपणी वहीत नाणं ठेवून घासायचो, तेच. सहा प्रती करून घेतल्या. चार लागल्या. तुम्ही आठ करा, कारण एखादी पुसट निघतेच आणि तेव्हा मेस्त्री जवळ नसतात.

पलीकडचं काम मी एजंटाला दिलं. साडेतीन हजार घेतले. रोज रजा काढून दुसऱ्या राज्यात खेपा घालणं शिक्षिकेला परवडत नाही. रजेची किंमत धरली तर एजंट स्वस्तच. इकडचं मात्र मी स्वतः केलं, त्याचं कारण पुढं.

एनओसी १० एप्रिलला निघाली. सत्तावीस दिवस. वाट बघताना मी मोटार वाहन कायदा वाचून काढला. कलम ४८ मध्ये असं आहे की अर्जानंतर तीस दिवसांत काहीच कळवलं नाही तर ना हरकत दिली असं समजावं. वाचून मला बरं वाटलं. एजंट हसला. "मॅडम, तुम्ही समजाल हो. कॉम्प्युटर समजायला पाहिजे ना." एनओसी 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीच्या संगणकावर चढल्याशिवाय इकडं पुढचं काही सरकत नाही, तेव्हा समजून घेण्यानं काही होत नाही.

१४ एप्रिलला उरलेले पन्नास हजार देऊन गाडी आणली. निघताना काकांनी बॉनेटवर हात ठेवला. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावून माझी ओटी भरली. मुलगी सासरी देतो तसं चाललेलं. मी मनात म्हटलं, आता ही रडायला लागली तर काय करू, आणि बघते तो काकाच डोळे पुसत होते.

येताना कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरल्यावर नवऱ्यानं पहिल्याच पंपावर टाकी भरली. डिझेल तेव्हा इकडं स्वस्त होतं, म्हणून पलीकडचे लोकही हद्द ओलांडून भरायचे. पुढं जूनमध्ये आपल्या सरकारनं तीन रुपयांनी वाढवलं, तरी तेव्हा फरक राहिलाच.

विम्याचं लगेच करा. गाडी नावावर होण्याची वाट बघू नका, चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं असतं. काकांना पन्नास टक्के नो-क्लेम बोनस होता. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळं तो त्यांच्याकडंच राहिला आणि उरलेल्या महिन्यांचा फरक म्हणून मला तीन हजार नऊशे भरावे लागले.

त्यानंतर महिनाभर काहीच हललं नाही, आणि त्यात माझाही हात होता. लोकसभेची निवडणूक. ७ मेला आमच्याकडं मतदान, मला ड्यूटी. आधी प्रशिक्षणं, मग यंत्रं, मग रात्री बारापर्यंत पेट्या सुपूर्द करणं. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यातला, पण खासदार कारवारकडचा, त्यामुळं ड्यूटीचे कागदसुद्धा कुठून कुठं फिरतात ते बघण्यासारखं असतं. सरकारी कार्यालयातली निम्मी माणसंही तिकडंच. तोवर गाडी वडगावच्या गल्लीत एमएच पाटी मिरवत उभी. शेजारी विचारायचे, "पाव्हणे आलेत काय?"

कायद्यानं घाई नव्हती. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यायचा, असं कलम ४७ सांगतं. आमच्या भागात वर्षानुवर्षं एमएच पाटीवर फिरणारे आहेत. पण मालकी बदलाची खबर घेणाऱ्यानं तीस दिवसांत द्यायची असते आणि माझे ते दिवस तसेही उलटून चालले होते. शिवाय सीमाप्रश्नाचं वातावरण तापलं की कुठल्या पाटीची गाडी कुठं उभी आहे यालाही महत्त्व येतं. रोज एकटी जंगलातल्या रस्त्यानं जाणाऱ्या बाईला तो घोर नको होता.

२० मेला इकडं अर्ज केला. आणि कराचा आकडा बघितला.

हे नीट वाचा, कारण लोक इथंच फसतात. कर्नाटकात आजीवन कर गाडीच्या मूळ किमतीवर लागतो; तुम्ही जुनी कितीला घेतली त्याला कुणी विचारत नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर. गाडीचं वय वाढेल तसा त्यातला हिस्सा टप्प्याटप्प्यानं कमी होतो. नऊ वर्षांच्या गाडीला साधारण निम्म्यावर येतो. आमच्या गाडीचं २०१५ चं बिल साडेबारा लाखांच्या वर. कर आला १ लाख १६ हजार ४०० रुपये. चार लाख पंधराच्या गाडीवर. नोंदणीची फी सहाशे रुपये, ती भरताना हसूच आलं.

मला कर लागतो हे माहीत होतं. मी अंदाज धरला होता चाळीस हजारांचा, घेतलेल्या किमतीच्या हिशेबानं. त्या रात्री जेवण गेलं नाही. नवरा एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही, कारण त्यानंही म्हटलं नव्हतं. धाकट्यानं आपला डबा आणून दिला, त्यात एकशे चौदा रुपये होते.

भिशीचा पुढचा हप्ता आधी मागून घेतला, उरलेले नणंदेनं दिले. तेव्हा पलीकडची गाडी ठरवण्याआधी तिचं मूळ बिल विक्रेत्याकडून मागा आणि कर काढून घ्या. बिलाची मूळ प्रत इकडं लागतेच. आमच्या काकांकडं ते सापडेना. त्यांच्या सुनेला आठवड्यानं विम्याच्या जुन्या फायलीत मिळालं. इकडचं काम स्वतः केलं ते याचसाठी: एवढी रक्कम दुसऱ्याच्या हातून जाऊ द्यायला मन धजेना. बँकेतून पैसे गेले आणि चार तास पावती निघाली नाही. ते चार तास मी मोजले आहेत.

सरकारी नोकरीमुळं मला कन्नड लिहिता-वाचता येतं, त्याचा उपयोग झाला. पण ज्यांना येत नाही त्यांनी घाबरू नये. खिडकीवर मी कन्नडमध्ये सुरू केलं, पलीकडून उत्तर मराठीत आलं, मग मी मराठीत गेले तर त्या कन्नडमध्ये. दोघींनाही ते वावगं वाटलं नाही. फक्त एक वाक्य दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना सारखंच पाठ आहे, ते म्हणजे "सर्व्हर इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या. नाळे म्हणजे उद्या. माझे तीन नाळे झाले.

तपासणी ३० मेला. शाळा नुकतीच उघडलेली, अर्धी रजा टाकली. तीन तास रांगेत, आणि निरीक्षकांनी पाच मिनिटांत गाडी परत पाठवली. दोष माझाच. पावसाळ्याआधी खालून गंज लागू नये म्हणून मी हौसेनं काळा थर मारून घेतला होता, आणि पोरानं तो चासी नंबरावरही मारला होता. नंबर दिसल्याशिवाय गाडी कुणाची कसं कळणार? मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तासभर रॉकेल आणि फडकं घेऊन तो थर काढला. ४ जूनला लोक निकाल बघत होते, मी पुन्हा रांगेत उभं राहण्यासाठी हेडमास्तरांकडं रजेचा अर्ज करत होते. ७ जूनला पास. निरीक्षक या वेळी खाली वाकले, दांडा बघितला आणि म्हणाले, "फोर बाय फोर? टीचरला कशाला?" मी शाळेचं गाव सांगितलं. "हां, मग पायजे."

आरसीचं कार्ड २८ जूनला टपालानं आलं. पोस्टमननं माझ्या हातातच द्यायचं म्हणून दोनदा फेरी मारली. नव्या नंबरच्या पाट्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागल्या. मामंजींनी नारळ फोडला. एवढ्या दिवसांनी गाडी आपली झाली असं त्यांना वाटत होतं. मला मात्र तसं वाटलं ते पुढच्या आठवड्यात, मोरीवर.

त्या आधी टायरचं सांगते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असे घातले की पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि भार कपलिंगवर येतो. काकांच्या गाडीला पुढं एका कंपनीचे, मागं दुसऱ्या. मेस्त्रींनी बजावलं, "बदलायचं तर चारी. न्हाईतर खुंटीला हातच लावू नका." २१५/६५ आर १६ चे चार टायर चौतीस हजारांना पडले. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद काकांच्या त्या वहीतही नव्हती, म्हणून तो, सगळी तेलं आणि फिल्टर मिळून एकवीस हजार. हा खर्च टाळू नका. पट्टा तुटला तर इंजिन जातं.

आता मोरी. जुलैचा तिसरा आठवडा, चार दिवस आडवा पाऊस. जांबोटीच्या पुढं धुकं इतकं की दिवे लावूनही समोर पांढरं. फाट्यावर थांबले, खाली उतरून आधी चालत मोरीपर्यंत गेले. ही सवय मोडू नका, गाडी कसलीही असो. पाणी मोरीवरून वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर मी आजही गाडी घालत नाही, फाट्यावर लावते आणि लांबच्या साकवावरून चालत जाते. त्या दिवशी मोरी उघडी होती. खुंटी लॉकवर, पहिला गिअर.

या गाडीचा पहिला गिअर फार आखूड आहे. शहरात तो नकोसाच, सपाटीवर मी दुसऱ्यातच उचलते. नव्यानं चालवणाऱ्याला वाटतं गाडीला दमच नाही, पहिल्यात घातली की लगेच ओरडते. तो ठेवलाय चिखलासाठी. क्लच पूर्ण सोडला, रेस अगदी थोडी. चढाच्या मध्यावर, जिथं अंडी फुटली होती तिथं, पुढचं डावं चाक घसरल्याचं हाताला कळलं, स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं. मग मागून कुणीतरी पाठीला हात लावावा तसं झालं आणि गाडी वर चढली. मागून बी ढकलती! शाळेच्या व्हरांड्यातून पोरं ओरडत होती, "बाई गाडी घेऊन आल्या!" एकानं सवयीनं मिठाची वाटी आणली होती.

त्याच संध्याकाळी डोळे उघडले. चढून आले म्हणजे उतरणही आपलीच, अशा तोऱ्यात दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून खाली निघाले. तांबडा चिखल साबणासारखा. गाडी सरळ उभीच्या उभी घसरत गेली आणि वळणावर जांभ्याच्या गडग्याला डाव्या अंगानं घासली. साडेचार हजार. चारही चाकं ओढतात तेव्हा मदत करतात. थांबायच्या वेळी ही गाडीही इतर गाड्यांसारखीच, उलट जड. आता उतरताना पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढलेला, इंजिनच धरून आणतं. आखूड गिअरचा खरा उपयोग मला तरी उतारावरच जास्त झाला.

बाकी रोजचं म्हणाल तर फोर व्हील ड्राइव्ह रोज लागतच नाही. बेळगाव ते फाटा खुंटी टू-डब्ल्यू-डीवर. डांबरी पण ओल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर ऑटो. लॉक फक्त त्या तीन किलोमीटरला, तेही पावसाळ्यात; कोरड्या डांबरावर लॉक ठेवून वळलात तर गाडी अडखळते, तिला त्रास होतो. महिन्यातून एकदा उन्हाळ्यातही थोडं लॉक लावून चालवा, म्हणजे गंजून बसत नाही, असं मेस्त्री सांगतात. रस्त्यावर पंधराचं मायलेज मिळतं, शहरात बारा. पाठ दुखत नाही. मागं आजोबा आणि दोन नातवंडं भांडत बसू शकतात एवढी जागा. गल्लीत लावायला मात्र अवघड. आमच्या बोळात वळवताना समोरच्या काकू कट्ट्यावरची कुंडी उचलून घेतात, आणि गणपतीत गल्लीत मंडप पडल्यावर अकरा दिवस गाडी मैत्रिणीच्या अंगणात होती.

एका पालकांनी परवा विचारलं, "बाई, केवढ्याला पडली?" मी चार पंधरा म्हणणार होते, पण ते खरं नाही. गाडी ४,१५,०००. कर १,१६,४००. टायर ३४,०००. पट्टा, तेलं २१,०००. एजंट, फी, पाट्या, विम्याचा फरक, जाण्यायेण्याचा खर्च असं किरकोळ धरून १२,०००. सहा लाखांना सोळाशे कमी. गडग्याचे साडेचार हजार यात धरलेले नाहीत. पलीकडच्या कराच्या परताव्याचा अर्ज काकांनी माझ्या नव्या आरसीची प्रत जोडून ऑगस्टमध्ये दिलाय, तो आला तर आला.

काकांचा फोन मात्र पाऊस पडला की येतो. टीव्हीवर खानापूरचं नाव ऐकलं की लगेच. गेल्या मंगळवारीही आला, मी नुकतीच वर्गात शिरत होते.

"आज लॉक लावलं का?"

"नाही काका, ऊन पडलंय. टू-व्हीलवरच आले."

"बरं, बरं," म्हणाले, पण आवाज जरा पडलेलाच होता.